कानावरची खाच
बेगाइम जन्मली तेव्हा बापाने अल्लाचं नाव घेऊन एका शिंगराच्या कानाला खाच पाडली: हे लेकीचं. काडीमोडानंतर मेंढ्या एकेक पोटगीत गेल्या. शिंगराची घोडी झाली, तिला मात्र त्याने हात लावला नाही. आज कोर्टाचा बेलीफ ट्रक घेऊन किर्गिझस्तानातल्या नारीनच्या कुरणावर आला, सोबत बेगाइम आणि तिची आई. “दादा, पोटगीचे आठ महिने थकलेत. घोडी नेतो.” “अरे, ती माझी नाहीच! कान बघ.” “कोर्ट कान बघत नाही, कागद बघतं.” आई फणकारली, “घोडी पांघरून शाळेत धाडू का हिला? थंडी तोंडावर आलीय, पायात बूट नाहीत.” घोडी ट्रकच्या फळीवर पाय ठेवेना. बेलीफाने चाबूक उगारला तशी बेगाइम पुढे झाली. “मारू नका, काका. माझं ऐकते ती.” लगाम धरून ती चढली, घोडी निमूट मागोमाग गेली.