हाक

“यातला अर्धा वाटा तुमचा आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि आई खुर्चीतून उठलीच.

“माझा? अहो, माझे कान शाबूत आहेत. जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला माझा. हे दुखणं माझ्या सासरचं. त्यांची एक आत्या जन्मतः बहिरी होती. खाण तशी माती!”

“मग त्या खाणीत तुमचीही माती आहे, काकू. बसा.”

शेजारी लेक आणि जावई बसले होते. लेक शिवणकाम करायची, जावई सुतार. दोघंही जन्मापासून बहिरे. समोर एक दुभाषी मुलगी भराभर हात हलवत सगळं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचवत होती. मूल होऊ देण्याआधी तपासण्या करून घ्या, हा हट्ट आईचाच होता.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. ऐकण्याच्या या जनुकाची एक प्रत बिघडली तरी दुसरी काम निभावून नेते. आईचं तसंच झालं होतं, तिच्या नवऱ्याचंही. म्हणून दोघांना कधी पत्ताच लागला नाही. लेकीच्या वाट्याला मात्र दोघांकडच्याही बिघडलेल्याच प्रती आल्या. अशा आईबापांच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत ही शक्यता चारात एक.

आई परत खुर्चीत बसली. नवरा बिचारा उभा जन्म टोमणे ऐकत गेला होता.

“आता चांगली बातमी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “जावयांचं बहिरेपण दुसऱ्याच जनुकामुळे आहे. तुमच्या मुलीचं जे जनुक बिघडलंय, ते त्यांचं ठणठणीत आहे. त्यांचं जे बिघडलंय, ते हिचं ठणठणीत. बाळाला दोन्हींची एकेक चांगली प्रत मिळणार. म्हणजे त्याला ऐकू येईल.”

“देवा!” आईने हात जोडले. “म्हणजे बाळ आपल्यातलं होणार!”

लेकीचे हात उठले. थोडंसंच काहीतरी म्हणाले आणि मांडीवर पडले. आईने दुभाषी मुलीकडे पाहिलं. पोटच्या पोरीचं म्हणणं तिला परक्या पोरीकडून कळून घ्यावं लागत होतं.

“त्या विचारताहेत,” मुलगी चाचरत म्हणाली, “मग मी कुणातली?”

आईने नाकावरून घसरलेला चष्मा बोटाने वर सरकवला, सवयीने.

ती हातांची भाषा कधी शिकलीच नव्हती. लेक लहान असताना कुणा शहाण्याने बजावलं होतं, हात हलवू दिलेत तर पोर तोंडाने कधीच बोलणार नाही. आईने ते गाठीला बांधलं. लेक ओठ वाचायला शिकली, ओबडधोबड का होईना, बोलायलाही शिकली. हातांची भाषा ती शाळेतल्या मैत्रिणींकडून चोरून शिकली. घरात मायलेकींचं बोलणं जेवलीस का, निजलीस का, एवढ्यावरच राहिलं.

वर्ष सरलं आणि नात झाली. डॉक्टरीणबाईंचा शब्द खरा ठरला. बापाने खिळा ठोकला की पाळण्यात पोर दचकायची. आई रोज येऊन बसू लागली. “आ-जी. म्हण, आ-जी.” सकाळ नाही, दुपार नाही, एकच धोशा. पोर वर्षाची होत आली, टकामका बघायची, खिदळायची, पण तोंडातून शब्द म्हणून निघत नव्हता. आईच्या मनात पाल चुकचुकायला लागली.

एका दुपारी लेक मशीनवर बसली होती आणि नात आजीच्या मांडीवर. पोरीने एक बोट नाकाच्या शेंड्यापासून वर ओढत थेट भुवयांच्या मधोमध नेलं. मग पुन्हा. पुन्हा. आजीने नाक पुसलं. पोरीने तेच केलं. आजीने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. नाकाला मलम चोळलं, तशी पोर चिडून किंचाळली, आणि मलमाने बरबटलेलं बोट परत नाकावरून वर!

आईने घाबरून जमिनीवर पाय आपटला. लाकडी जमिनीतून हादरा पोचला आणि लेकीने वळून पाहिलं. क्षणभर ती बघतच राहिली. मग तोंडावर हात ठेवून हसत सुटली. हसता हसता डोळे वाहू लागले.

“सर्दी झालीय हिला,” आई ओठ हलवत हळूहळू म्हणाली.

“सर्दी नाही,” लेक तिच्या जाड, तुटक आवाजात म्हणाली. “हाक मारते. तुला.”

“मला?”

लेकीने नाकावरचा नसलेला चष्मा बोटाने वर सरकवला. “हे... तुझं नाव. माझ्या शाळेपासून. आम्ही सगळे... तुला हेच म्हणतो.”

आईचं बोट आपसूक चष्म्याकडे गेलं आणि तिथेच थबकलं. मांडीवरची पोर आनंदाने चीत्कारली. तिला वाटलं, आजीने ओ दिली.

नातीचा पहिला शब्द “आजी” हाच होता. घरात तो ऐकू आला नव्हता तो फक्त आजीला.

मग लेकीचा चेहरा आपल्याकडे वळवून आईने विचारलं, “आणि तुझं? तुझं नाव काय?”

लेकीने बोट गालावरच्या खळीत टेकवलं आणि हलकेच फिरवलं. तिला मैत्रिणी त्यावरूनच ओळखायच्या. खळी हुबेहूब आईसारखी होती.

लेक परत मशीनकडे वळली. आई उठली, पोरीला कडेवर घेऊन मशीनच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि लेकीने मान वर करायची वाट पाहू लागली. टाका संपला. लेकीने वर पाहिलं. आईने बोट स्वतःच्या गालावरच्या खळीत टेकवलं आणि फिरवलं.

आयुष्यात पहिल्यांदाच आईने लेकीला तिच्या नावाने हाक मारली, आणि लेकीने ओ दिली.