केरिमकुलची घोडी

बुरुलचाने चाबकाच्या दांड्याने बर्फावर रेघ मारली आणि घोडीचं धूड तिथेच थांबवायला सांगितलं. लांडग्यांनी पोट फाडलेली, गाभण घोडी होती ती. ओढून आणताना तिच्या एका कुशीचे केस घासून निघाले होते. केरिमकुलने खोगिराला बांधलेला दोर सोडला आणि जागा चुकतेय असं तो म्हणाला. त्याच्या मते आमिष त्याच्या घराजवळच हवं होतं, म्हणजे खिडकीतूनसुद्धा गोळी घालता आली असती.

बुरुलचा घोड्यावरून उतरली नाही. रात्री वारा खिंडीतून खाली येतो, तिने समजावलं. रिकामा दगडी मेंढवाडा खालच्या अंगाला आहे. त्यात बसलेल्या माणसाचा वास वर जाणार नाही, आणि बर्फावर उभं राहिलेलं जनावर चांदण्यात स्वच्छ दिसेल.

"आणि दारात वाढायची सवय लावलीस," ती म्हणाली, "तर घोडी संपल्यावरही ते दारातच येतील जेवायला."

"एजे, तुम्ही एक-दोन माराल. मला अख्खा कळप गेलेला हवाय."

केरिमकुलला मिसरूड फुटायच्या आधीपासून ती लांडगे मारत होती. हिवाळ्यात खोऱ्यातली माणसं तिलाच बोलावत, आणि सगळे तिला एजे, म्हणजे ताई, म्हणत. कळप म्हातारी मादी चालवते, ती म्हणाली. ती पडली की बाकीचे खिंडीपलीकडे पांगतील. उद्या जेवायला काय करायचं ते सांगावं, तसं तिने हे सांगितलं.

केरिमकुल कामाला लागला. घोडीच्या पायांतून तार ओवून त्याने ती खडकाला आवळली. उचलून नेता आलं नाही की लांडग्याला जागेवरच खावं लागतं, आणि नेम धरायला वेळ मिळतो. मग ओढ्यावरचा बर्फ फोडून तो दुधाच्या कॅनमधून पाणी आणू लागला. ओतलेलं पाणी बघता बघता गोठत होतं, घोडी जमिनीला चिकटत होती. काम तो नीट करत होता, पण बुरुलचाच्या नजरेला नजर देत नव्हता. घोडीचं दुःख असेल, असं तिला वाटलं.

तेवढ्यात खालच्या वाटेने त्याचा कुत्रा आला. अक्तोश. पांढऱ्या छातीचा, लांडग्यांशी झुंजताना एक कान फाटलेला. गळ्यात दाताने तोडलेली दोरी लोंबत होती. तो सरळ घोडीच्या फाटलेल्या पोटाशी गेला आणि त्याने तोंड घातलं.

केरिमकुल ओरडला. कॅन टाकून, घसरत, धडपडत तो धावला आणि कुत्र्याच्या मानेवर पडला. जबड्यात चाबकाचा दांडा आडवा घालून त्याने हातमोज्यासकट बोटं आत खुपसली आणि मांसाचा लचका बाहेर काढला. मग मुठी भरभरून बर्फ त्या तोंडात कोंबला, पुसून काढला, पुन्हा कोंबला. कुत्र्याला आधी खेळ वाटला, मग तो गुरगुरायला लागला.

बुरुलचा खाली उतरली.

"कधी घातलंस विष?"

"सकाळी. तुम्ही यायच्या आधी."

"कुठे कुठे?"

सुरी जिथे गेली तिथे, तो म्हणाला. नीट आठवत नव्हतं. शेजारच्या खोऱ्यात सगळे असंच करतात, हेही त्याने सांगून टाकलं.

"त्या खोऱ्यात आता गिधाड दिसतं का तुला?"

बुरुलचाने कुत्र्याच्या पापण्या वर करून पाहिल्या, पाय दाबून पाहिले. मग ती बर्फातच बसून राहिली. केरिमकुल कुत्र्याला कवटाळून बसला होता. बऱ्याच वेळाने अक्तोश शिंकला, अंग झाडून उठला आणि धावायला बघू लागला. पोटात काही गेलं नव्हतं.

"घोडी जाळायची," बुरुलचा म्हणाली. "इथेच. सगळी."

मेंढवाड्यातलं वाळलं शेण आणि पडक्या छपराची लाकडं त्यांनी वाहून आणली. गोठलेली घोडी लवकर पेट घेईना. दुपार कलल्यावर उरलं ते त्यांनी दगडाखाली दाबलं. जळक्या मांसाचा वास त्या जागी भरून राहिला होता. या हिवाळ्यात लांडगे या अंगाला फिरकणार नव्हते, हे दोघांनाही कळत होतं.

"चांगली जागा होती," बुरुलचा म्हणाली. दिवसभरात तिने केलेली तक्रार एवढीच.

ती घोड्याचा पट्टा आवळायला लागली, तेव्हा तुम्ही आता परत जाणार का, असं त्याने हळूच विचारलं. ओढ्याच्या वळणापलीकडे एक एकटा खडक होता, त्याच्याकडे तिने बोट केलं. तिच्याजवळ दुसरी जागा नेहमीच असे. मग तिने विचारलं, काल रात्री लांडग्यांनी मारलेल्या मेंढ्या घरामागे तशाच पडल्यात ना?

"तशाच आहेत. गोठून गेल्यात."

"त्यांना काही लावलंस?"

"नाही, एजे."

"अक्तोशच्या डोक्यावर हात ठेवून सांग."

केरिमकुलने हातमोजा काढला आणि कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. नाही लावलं, तो म्हणाला. अक्तोशने मान वळवली आणि ती उघडी बोटं चाटायला जीभ काढली.

केरिमकुलने हात हिसडून मागे घेतला. सकाळी विषाची पूड त्याने याच बोटांनी चोळली होती. तो गुडघ्यांवर बसला आणि हात बर्फात घासू लागला. कातडी लाल झाली तरी घासतच राहिला.

बुरुलचा घोड्यावर चढली.

"मेंढ्या मी आणते ओढून," ती म्हणाली. "तू हात धू."