चतुराबाईनं घडवलेला पाय

"ह्यो पाय हाय का मुसळ?" हबीबचाचानं लाकूड हातात तोलून बघितलं. "ह्यानं सिदू चालंल कमी आन कांडंल जास्ती."

चतुराबाईला हसू आलं न्हाई. त्या बाभळीवर तिचे चार दिस गेलते.

सिदू तिचा नवरा. गेल्या हंगामात उसाची ट्रॉली उलटली आन त्याचा गुडघ्याखालचा पाय गेला. औंदा पाऊस न्हाई, ऊस न्हाई. सहकारी कारखान्याच्या चिमणीत घारीनं घरटं केलतं. आता लांबच्या कारखान्याला तोडीला जायाचं, न्हाईतर हितंच उपाशी मरायचं. पण बंकट नावाचा नवा मुकादम कोयत्यालाच घ्यायचा. कोयता म्हंजी नवराबायकोची जोडी. त्यात एक लंगडा दिसला, की दोगं बी घरी.

हबीबचाचा शेजारचा जुना सुतार. हात थरथरायचे, जीभ न्हाई. त्यानं चतुराबाईला आदी पाट करायला लावला. त्यो पाट असा डुगडुगला, की त्याच्यावर निजलेलं मांजर तीन दिस गरगरत फिरत हुतं. चौथ्या पाटावर चाचानं काठोकाठ तांब्या ठिवला. पाणी हाललं न्हाई. मग ते पाणी दोगांनी वाटून पिलं; सांडायला हुतं कुणाकडं?

"आता पाय," चाचा म्हणला.

बाभळीचा तर मुसळावानी जड झालाच हुता. लिंबाचा वाळता वाळता तडकला. मग चतुराबाईनं घराचा मदला सागवानी खांब काढला आन छपराला बाभळीचा टेकू दिला.

"छप्पर पडलं तर?" चाचानं इचारलं.

"पडू दे. खाली हायच कोन? आमी तोडीला जानार."

रंधा मारमारून तिच्या तळव्याची सालटी निघाली. सिदूचा थुटा पाय खोबणीत बसवायचा, काढायचा, जितं कातडं लाल दिसंल तितं पटाशीनं केसभर तासायचं. परत बसवायचा.

सिदू अंगणात चार पावलं टाकायचा आन थांबायचा. "आजून लंगडतंय. नवरदेवावानी चाललं पायजे."

"घोडं बी सागवानी करू का?" ती म्हणायची आन परत तासायला बसायची.

सतराव्या दिवशी सिदू लंगडलाच न्हाई. हबीबचाचा बघतच राह्यला. "बेटी, माझ्या बापाच्या हातानं बी अशी खोबण झाली न्हाई."

मग सिदू रोज हमरस्त्यावरच्या चौसाळा गावापतुर चालत जाऊन यायचा. सवय पायजे, म्हणायचा. तोडीला निघायच्या दिवशी त्यो सकाळीच निघाला.

"तू दुपारी ये सामान घिऊन," त्यो म्हणला. "म्या फुडं जाऊन बंकटकडं नाव लावतो."

दुपारी चतुराबाई चौसाळ्याला पोचली. डोक्यावर बोचकं, हातात ऊस तोडायचा कोयता. हमरस्त्यावर गाडी दिसंना. झाडाखाली बंकट मुकादम बिडी वडत बसलता. त्यानं तिला कदी बघितलं न्हवतं.

"दादा, सिदूचं नाव लावलं का?"

"सिदूचा कोयता? त्यो सकाळच्याच गाडीत गेला की."

चतुराबाई हसली. लई दिसांनी हसली. "कायबी काय, दादा! घाईत इसरून गेलेत ते. कोयता ह्यो बगा, माझ्या हातात हाय."

बंकटनं बिडी दगडावर विझवली.

"त्यो न्हवं, बाई," त्यो म्हणला. "नवराबायको. दोगं बी म्या माझ्या हातानं गाडीत बसवून दिली."