लाल खडू

केंद्रप्रमुख शाळाभेटीला येऊन मागच्या बाकावर बसले. बिसेन मॅडमनी गोंदियाच्या इतिहासावर स्वतः लिहिलेला उतारा फळ्यावर होता. सहावीच्या वर्गाचा नियम साधा होता: माहिती कुठून आली ते लेखकानं सांगितलं नसेल, तिथं लाल खडूनं प्रश्नचिन्ह काढायचं. दुर्गेश्वरीनं उठून पहिल्याच वाक्यापुढं प्रश्नचिन्ह काढलं: ‘जंगलातल्या गोंदावरून, म्हणजे डिंकावरून, गोंदिया हे नाव पडलं, हे सर्वांना ठाऊक आहे.’ “मॅडम, सगळ्यायले ठाऊक हाये, हे तुमाले कोनं सांगतलं?” केंद्रप्रमुखांच्या कपाळाला आठी पडली. “मॅडमचीच चूक काढून राहिली का तू?” मॅडमच्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं. त्यांनी वाक्य बदललं: ‘गोंदावरून नाव पडलं, असं जुने लोक सांगतात.’ दुर्गेश्वरी खडू घेऊन तिथंच उभी. “कोन्ते जुने लोक?” “सर जुने गोंदियावालेच आहेत,” मॅडम केंद्रप्रमुखांकडं बघत म्हणाल्या. “त्यांच्यापासूनच विचारायला सुरुवात कर.”