मिळेपर्यंत थांब

श्वासयंत्राच्या कर्नलचा, म्हणजे गाभ्यातल्या प्रणालीचा, कोड लिहिताना वान-छिंगने मेमरी मागायच्या ओळीत फ्लॅग, म्हणजे सूचना टाकली: 'मिळेपर्यंत थांब'.

"अगं, थांब काय थांब! नाही मिळाली तर यंत्राने लगेच बोंब मारायला हवी," तिचे वरिष्ठ लो सर करवादले.

"मेमरी कशाला संपतेय, सर?" म्हणत तिने यंत्रावर खाऊचा हिरवा पुडा ठेवला. तो ठेवला की यंत्रं शहाण्यासारखी वागतात, हे तैवानच्या शिनचूत पोरंसोरंही जाणतात.

वर्षभराने अतिदक्षता विभागात बाबांना तेच यंत्र लावलेलं, वर हिरवा पुडासुद्धा. तिची नजर यंत्रावरून हटेना.

"घाबरू नका ताई, बिघडलं तर लगेच अलार्म वाजतो," नर्स म्हणाली.

बाबांची छाती हलायची थांबली. अलार्म वाजला नाही.


यंत्र बिघडलंच नव्हतं. वान-छिंगने सांगितलं होतं तसं, मेमरी मिळेपर्यंत शहाण्यासारखं थांबलं होतं.