आडवा हात

जिलेबीचं ताट घेऊन रामलिंगअप्पा थेट शेषेरावांच्या पत्रावळीपुढं येऊन थांबले. शेषेरावांच्या शिवांगीचा साखरपुडा नुकताच उरकला होता. पाहुण्यांच्या पंगती उठल्या होत्या आणि आता मुलीकडची माणसं जेवायला बसली होती. त्यांना वाढायचा मान नव्या व्याह्यांनी, रामलिंगअप्पांनी, मागून घेतला होता.

“इवाई, आत्ता कढईतनं निघाली. घ्या.”

“नको अप्पा. साखर हाय मला.”

“साखर आमच्यात घरटी एकाला हाय. कोण मेलं त्यानं?”

पंगत हसली. शेषेरावही हसले. त्यांनी उजवा पाय सतरंजीवर लांब सोडला होता. मोज्यात तीनच बोटं होती. दोन लातूरच्या डॉक्टरांनी काढली, त्याला अकरा महिने झाले. पुन्हा साखर चढली तर पाय घोट्यापासून जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून गोडाचा कण त्यांनी तोंडात घातला नव्हता. येळवशीच्या अमावास्येला सगळी भावकी शेतात खीर ओरपत होती, तेव्हा शेषेराव उठून बैलांना पाणी दाखवायला गेले आणि पंगत उठल्यावरच परतले.

“बरं, एकच.”

“नको.”

“मग अर्धी. माझ्या पोराच्या नावाची अर्धी. हिला नाही म्हणणं म्हणजे सोयरिकीला नाही म्हणणं झालं, इवाई.”

हसणं थांबलं. वरमाई शरणम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांनी मान वळवून बघितलं. शेषेरावांच्या शेजारी बसलेल्या भावानं हळूच कोपर मारलं. “घ्या ना दादा. अर्ध्यानं काय होतंय.”

“नको, नको,” शेषेराव म्हणाले. पण या खेपेला आवाज मऊ पडला होता. तोंडाला पाणी सुटलं होतं, ते त्यांनी गिळलं.

पंगतीत तोंडानं नको म्हणणाऱ्याला त्या भागात दुप्पट वाढतात. ज्याला खरंच नको असतं, तो पत्रावळीवर हात आडवा धरतो. आडव्या हातावर कुणी वाढत नाही. एवढं शेषेरावांना कळत्या वयापासून ठाऊक होतं.

रामलिंगअप्पांनी चिमट्यानं अख्खी जिलेबी उचलली.

शिवांगी पाण्याचा जग घेऊन बापाजवळ आली होती. अंगावर साखरपुड्याची साडी, कपाळाला ओला मळवट. ती वाकली आणि सासरच्या माणसांदेखत, पण हळूच बोलली.

“बाबा, तोंडानं नको म्हणताय. हात कुठं हाय तुमचा?”

शेषेरावांनी खाली बघितलं. डावा हात मांडीखाली होता. जिलेबीचा वास आला तसे ते स्वतःच त्या हातावर बसले होते.

त्यांनी हात ओढून काढला आणि पत्रावळीवर आडवा धरला. तोवर चिमट्यातून जिलेबी सुटली होती. ती हाताच्या पाठीवर पडली. कढत पाक बोटांच्या बेचक्यांत उतरला. हात जागचा हलला नाही.

“अहो काढा की हात, भाजंल,” रामलिंगअप्पा म्हणाले.

“असू द्या अप्पा,” शेषेराव म्हणाले. “आता काढला, तर खाईन मी.”

रामलिंगअप्पांनी ताट सावरलं. मग ते पुढच्या पत्रावळीकडं सरकले. शरणम्मांनी पदर सारखा केला. कोण काय मनात ठेवून घरी जाणार, ते शेषेरावांना कळेना. शिवांगी जग घेऊन तिथंच उभी होती.

ते उजव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडून वांग्याच्या भाजीला लावू लागले. डाव्या हातावर जिलेबी तशीच होती. पंगत उठायला अवकाश होता, अजून भात यायचा होता.