दुपारचा पहारा

"बंद करा हे सगळं!" पालिकेचे साहेब मंडपात शिरता शिरताच ओरडले. "परवानगी कुठंय?"

"राम कृष्ण हरी," गळ्यात वीणा घेऊन उभ्या असलेल्या कस्तुराबाई म्हणाल्या.

"विमा काढलाय का? एवढी माणसं बसलीत. कुणाला इजा झाली तर भरपाई कोण देणार?"

"राम कृष्ण हरी."

ही बाई आपली थट्टा करते आहे, असं साहेबांना वाटलं. नाव योगीराज, पण राग नाकाच्या शेंड्यावर. थट्टा मुळीच नव्हती. सप्ताहात ज्याच्या गळ्यात वीणा, त्यानं नामाशिवाय दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. वीणा खाली ठेवायची नाही. पुढच्या माणसानं गळ्यात घेईपर्यंत उभं राहायचं, मग पाय सुजोत नाहीतर जीभ कोरडी पडो. दुपारी जेवून बाप्ये लवंडतात, म्हणून दुपारचा पहारा बायकांच्या वाट्याला आलेला. आणि संकटाला यायला नेमकी दुपारच सापडते.

श्रावणातला हा सप्ताह कस्तुराबाईंच्या सासूच्या वेळेपासूनचा. एका वर्षी गोदावरीचं पाणी वेशीला लागलं, तेव्हा सासूनं वीणा शाळेच्या गच्चीवर नेली, पण नामात खंड पडू दिला नाही. आज खंड पडला तर वीणा आपल्या गळ्यात असताना पडणार. वर गेल्यावर सासूला काय तोंड दाखवायचं?

तेवढ्यात किशनराव धावत आले. सप्ताह कमिटीचे अध्यक्ष. मृदंगावर थाप मारली की गाव हलवणारा हा माणूस, पण सरकारी शिक्का दिसला की हात आपोआप जोडले जायचे.

"साहेब, मंडपाचा दाखला हाय, भोंग्याची परवानगी हाय. इम्याचं तेवढं राहून गेलं. चुकलं आमचं. बंद करतो आमी."

कस्तुराबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की किशनराव एक पाऊल मागे सरले. पण हात काही सुटले नाहीत.

"जीवन, लिही," साहेबांनी कारकुनाला फर्मावलं. "विम्याशिवाय जाहीर कार्यक्रम. चालवणाऱ्याचं नाव टाक. कोण चालवतंय हे?"

पहिल्या ओळीत केशरबाई बसल्या होत्या. टाळ न थांबवता त्या म्हणाल्या, "ज्याच्या गळ्यात ईणा, त्योच सप्ता चालवतो. इचारायलात काय?"

"मग द्या ती इकडं. वीणा जप्त!" म्हणत साहेबांनी दोन्ही हात पुढे केले.

कस्तुराबाईंनी ते हात पाहिले आणि त्यांचा राग एकाएकी निवळला. वीणेसाठी हात पुढे करणाऱ्याला नाही म्हणायची रीत नाही. त्या सावकाश चालत गेल्या. वीणा आपल्या गळ्यातून काढली, साहेबांच्या गळ्यात घातली, पट्टा नीट बसवला. मग वाकून त्यांच्या बुटांना हात लावून नमस्कार केला. उभ्या राहिल्या आणि पदर कमरेला खोचला. आता तोंड मोकळं झालं होतं.

"आता आयका, साहेब. मागल्या आठवड्यात ह्याच मैदानावर नगरसेवक भाऊंचा वाढदिवस झाला. त्या डीजेनं आमच्या घरातली भांडी खाली आली. कमान कोसळून ह्या केशरबाईच्या नातवाचा पाय मोडला. तवा कुणी इमा इचारला? कुणी भरपाई दिली? आन् आज आमी देवाचं नाव घ्यायलोत, तर धोका हाय म्हणता? किशनराव उद्या जातील, इमा काढतील. पण आज आमी बंद करणार न्हाई. काय करायचं ते करा!"

साहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. भरला मंडप त्यांच्याकडे बघत होता. तोंड मिटलं. साहेबही शेवटी इथलेच. बोरीला आजोळी सप्ताहाच्या पंगतीत बसून लापशी ओरपलेली होती. वीणेचा नियम त्यांना नोकरीच्या नियमांआधी पाठ झालेला.

वीणा ठेवायला त्यांनी जागा शोधली. खुर्ची दिसली, बाहेर जीपचं बॉनेट दिसलं. धीर होईना. त्यांनी जीवनकडे पाहून वीणा पुढे केली. जीवननं वही आणि पेन दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरले. मग साहेब किशनरावांकडे वळले. अध्यक्षच ते, घेतीलच. किशनरावांनी जोडलेले हात सोडवले, पाठीमागे नेले आणि ताठ उभे राहिले.

"माझा पहारा दिवेलागणीला हाय, साहेब," ते म्हणाले.

बायकांनी टाळांचा आवाज वाढवला. साहेबांनी एक बूट पायानंच काढला, मग दुसरा, आणि दोन्ही मंडपाच्या कडेला सारले. काही झालं तरी वीणा गळ्यात होती.

जीवन बिचारा अजून अर्ध्या ओळीवरच अडला होता. त्यानं घसा खाकरला.

"साहेब, चालवणाऱ्याचं नाव काय लिहू?"

साहेबांनी वीणेची तार छेडली.

"राम कृष्ण हरी," ते म्हणाले.